आठ सुरांची हाक

“काल पुन्हा ती हाक आली होती,” दादबा म्हणाले. “आपल्यातल्या कुणी काही विचारलेलं नव्हतं, म्हणून दिली सोडून वाऱ्यावर. तिसरी खेप ही.”

“बरं केलंत,” आत्याबाई म्हणाल्या. “तिच्या कानावर जायला नको. उगाच इथे मन लागायचं नाही.”

हे बोलणं वरच्या फांदीवर झालं. खाली करवंदीच्या बुडाशी नवी सून गुंजी चोचीने पाचोळा उलटत होती. ज्याचं डोकं पाचोळ्यात आहे त्याला ऐकू येत नाही, असा सातभाईंचा समज आहे. त्यातून गुंजी फार बोलत नसे. तेव्हा तिला ऐकूही कमीच येत असणार, हे सासरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने एक पान उलटलं. त्याखालचा किडा तिच्या पायांमधून चालत पलीकडे गेला, आणि तिने त्याला जाऊ दिलं.

त्या मुलखात हाका संपल्या होत्या.

मुलूख डोंगरांचा होता. एका दरीतला आवाज दुसऱ्या दरीत पोचवायचं काम कडे करत. पहिला कडा हाकेचा पहिला सूर ऐकून ती कोणत्या दिशेला फेकायची ते ठरवी, पुढचा कडा दुसऱ्या सुरावरून, आणि असं करत करत हाक ज्याची त्याला जाऊन मिळे. प्रत्येक पक्ष्याला चार सुरांची एक हाक असे आणि कुणा दोघांची सारखी नसे. ही रीत ज्यांनी घातली त्या पूर्वजांना वाटलं होतं की चार सुरांतून जेवढ्या हाका निघतील तेवढे पक्षी या डोंगरांत कधी मावायचेच नाहीत. तेव्हा सगळे पूर्वज एका झाडावर मावत होते. अशा वेळी असं वाटतं.

सुरुवातीचं वाटपही सढळ हाताने झालं. पूर्वेकडच्या वडावरच्या एका कुळाने एका सुरापासून सुरू होणाऱ्या झाडून सगळ्या हाका मागितल्या, आणि त्या त्यांना मिळाल्या. त्यातल्या बहुतेक अजून कुणी वापरलेल्या नाहीत. पुढे घातल्या जाणाऱ्या अंड्यांसाठी त्या राखून ठेवल्या आहेत. अंडी कुठे आहेत असं विचारलं तर ते कुळ म्हणतं, अंड्यांचं कुणी सांगावं.

मग एका पानगळीत वाटपाच्या दगडावरची टिटवी म्हणाली की आता उरलेल्या नाहीत. म्हणून एका जाळीला मिळून एक हाक, असा तोडगा निघाला. तात्पुरता म्हणून निघाला आणि सगळ्यांच्या अंगवळणी पडला.

गुंजीच्या सासरच्या जाळीत एकोणीस जण होते आणि हाक एक. जाळीच्या टोकाशी उघड्यावर आलेल्या फांदीला ते उंबरठा म्हणत. तिथे मामंजींचे थोरले भाऊ, दादबा, दिवसभर बसत. आतल्या कुणाला बाहेर काही विचारायचं झालं की दादबा ते घराच्या हाकेनं विचारत आणि कुणी विचारलं ते लक्षात ठेवत. उत्तर आलं की ज्याचं त्याला देत. पण जे कुणी विचारलेलंच नाही ते आलं, तर एकोणिसांतल्या कुणाला द्यायचं? ते वाऱ्यावर सोडायचं असा नियम होता. यात कुणाचं वाईट करायचा हेतू नव्हता. उलट उंबरठ्यामुळे घर कसं बंदिस्त राहतं, असं गुंजीच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दादबांचं डोकं जुनं होतं आणि प्रश्न फार. ज्याचा आवाज दोन दिवस कानावर पडला नाही, तो त्या डोक्यातून गळून जाई. म्हणून सुनांनी रोज सकाळी उंबरठ्याखाली येऊन हजेरीचा सूर काढायचा, अशी पद्धत होती. विचारायचं काही नसलं तरी काढायचा, ‘मी आहे’ एवढं कळावं म्हणून. थोरल्या जावा तो असा लांबवत की आपण आहोत याबद्दल पलीकडच्या दरीलाही शंका राहू नये. गुंजीचा सूर पानाला पान लागावं एवढाच निघे. परिणामी दादबा तिला आठवड्यातून दोनदा तरी विसरत. एकदा तिने आईला, पायाला सूज आहे, काय करू, असं विचारलं होतं. मुंग्यांच्या वारुळावर लोळ, असं उत्तर आलं, आणि दादबांनी ते मामंजींना दिलं. मामंजींचे पाय ठणठणीत होते. तरी ते तीन दिवस इमानाने वारुळावर लोळले आणि चौथ्या दिवशी म्हणाले की बराच फरक आहे.

तर ते वरच्या फांदीवरचं बोलणं ऐकलं त्याच दुपारी गुंजी उंबरठ्याखाली गेली आणि माहेरी विचारा म्हणाली, सगळं बरं आहे ना. दादबांनी विचारलं. उत्तर लगेच आलं, आणि या वेळी ते बरोबर तिलाच मिळालं.

“ही हाक गेल्या पौर्णिमेपासून आमची आहे,” कुणी मुनिया म्हणत होती. “तुम्ही कोण?”

हाकांचा एवढा तुटवडा होता की रिकामी झालेली हाक टिटवी गार होऊ देत नसे. गुंजीचं माहेर ती हाक सोडून गेलं होतं. कुठे गेलं, ते मुनियांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक असायचं कारणही नव्हतं. गुंजी सासरी निघताना आई तिला म्हणाली होती, काही झालं तर मी हाक मारीन. तिने मारली होती. तीनदा. आता ती आणखी कितीदा मारेल, याच विचाराला गुंजी रात्रंदिवस धरून बसली.

चौकशी करण्यासारखा एकच पक्षी होता. वरच्या खिंडीत पांगारा फुलला की त्याच्या शेंड्यावर कोतवाल येऊन बसे. काळाकुळकुळीत, शेपटी दुभंगलेली, आणि प्रत्येकाचा आवाज हुबेहूब काढणारा. दुपारी सगळं घर धुळीत अंघोळ करत असताना गुंजी खिंडीत गेली.

कोतवालाने तिला एका दमात सगळं सांगितलं. तिच्या माहेरची घाणेरीची जाळी जळाली. आई आणि बाकीचे नव्या उतारावर गेले. तिकडच्या कड्यांना आठ सूर कळतात, त्यामुळे तिकडे ज्याला त्याला स्वतःची आठ सुरांची हाक आहे, अगदी काल फुटलेल्या अंड्यालासुद्धा. पण चार सुरांच्या घरांना आठ सूर म्हणजे नुसता गोंगाट. म्हणून तिकडून इकडे येणारी हाक तो मध्ये बसून चारांत करून देतो. आईची त्याने तीनदा करून दिली होती.

आई काय म्हणत होती, असं गुंजीने विचारलं.

“हाक घेतली तर पुढे निरोप,” कोतवाल म्हणाला. “तुमच्याकडे घेतलीच नाही. तेव्हा निरोप तिच्याजवळच राहिला.”

आईची नवी हाक तरी सांगा, ती म्हणाली. कोतवालाने डोळे मिटून आठवून पाहिलं. आठांतले पाच सूर त्याला येत होते. पाच सुरांनी कुठेच जाता येत नाही, हे दोघांनाही कळत होतं, तरी त्याने ते पाच तिला दोनदा म्हणून दाखवले. आणखी एक गोष्ट त्याने सांगून टाकली. पांगारा फुललेला असेतो तिथे किडे, आणि किडे असेतो तो. फुलं झडली की तो खाली उतरणार. मग खिंडीत चारांचं आठ आणि आठांचं चार करून द्यायला कुणी नसेल.

“तू तुझी आठ सुरांची हाक घे,” तो म्हणाला. “तुझी आई पुन्हा बोलली तर मी ती तिला देईन. बोलली तर.”

आठ सुरांचं सातभाईंना माहीत नव्हतं असं नाही. दर पानगळीला मोठ्या सभेत ठरे की पुढच्या पानगळीपासून सगळ्यांनी आठ सूर घ्यायचे. मग प्रत्येक जाळी म्हणे, आम्ही आज घेऊ, पण ज्यांना हाक मारायची ते अजून चारांवरच आहेत. आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत घरी जाई. या सभेला आता इतकी वर्षं झाली होती की काही जण तिला सण समजत.

संध्याकाळी सातभाई एका फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसतात. त्या ओळीत गुंजीच्या नवऱ्याने, पळसूने, विषय काढला. पळसू भला होता. फक्त तो कुठलीही गोष्ट सांगताना समोरच्याची बाजूही आपणच सांगून टाकी, त्यामुळे समोरच्याला नाही म्हणायचे कष्ट पडत नसत. तो म्हणाला की तिला आठ सुरांची हाक घ्यायची आहे, अर्थात दादबांना वाईट वाटेल.

मामंजी म्हणाले, चार सुरांत या घराचं काही अडलेलं नाही. वन्संनी विचारलं की एवढी लांब हाक मारेपर्यंत वहिनींच्या आईला मध्ये दम खायला लागेल, तेव्हा आपण सगळ्यांनी चोच उघडी ठेवून बसायचं का. ओळ हसली. हसण्याने फांदी हलली आणि गुंजीही इतरांबरोबर हलली.

आत्याबाई हसल्या नाहीत. “उद्या कुणीही उठेल आणि आपल्या सुनांना थेट हाक मारेल,” त्या म्हणाल्या. “मग घर ते काय राहिलं? मी नाही का आले तीन डोंगर ओलांडून? मला कुणी मारली हाक? काही अडलं का माझं?”

काही अडलं नाही, असं ओळीतले सगळे म्हणाले. आत्याबाईंनी मग पंखाखालचं एक पीस साफ करायला घेतलं, आणि अंधार पडेपर्यंत त्या तेच एक पीस साफ करत होत्या.

गुंजीने दुसऱ्या दिवसापासून शिकायला सुरुवात केली. तिने कुणाला विचारलं नाही, त्यामुळे कुणाला नाही म्हणता आलं नाही. दुपारी घर धुळीत गेलं की ती खिंडीत जाई. नव्या रीतीत पहिले चार सूर डोंगराचे असत, तिथे राहणाऱ्या सगळ्यांना सारखेच. उरलेले चार ज्याचे त्याने निवडायचे. हे ऐकून गुंजीने तेच पुन्हा विचारून घेतलं. तिचं नाव आजीने ठेवलं होतं, घर वडिलांनी पाहिलं होतं, आणि ओळीतली जागा आत्याबाईंनी ठरवली होती, उजवीकडून सहावी. निवडायचं कसं असतं, ते तिला कोतवालालाच विचारावंसं वाटलं. पण त्याचे सगळेच आवाज दुसऱ्यांचे होते.

शेवटी तिने निवडले. एक अगदी बारीक, पानाखालून किडा निसटावा तसा. दुसरा त्याहून खाली. तिसरा तिला स्वतःलाच अवघड जाणारा, पण तोच तिला आवडला. चौथा सरळ.

आठही सूर एका श्वासात यायला तिला नऊ दिवस लागले. सातव्या सुराशी आवाज हटकून फाटे. नवव्या दिवशी कोतवाल म्हणाला की आता ही हाक त्याला झोपेतसुद्धा ऐकू येते आणि त्याची स्वतःची बायको गुंजी कोण म्हणून विचारू लागली आहे. पांगाऱ्याखाली तोवर लाल सडा पडला होता. शेंड्याकडची फुलं तेवढी राहिली होती.

एक काम उरलं होतं. हाक निवडून भागत नसे, ती दरीपलीकडच्या काळ्या कड्याला ऐकवावी लागे; आठ सूर त्यालाही कळत. ती कुठे राहते हे कड्याला एकदा कळलं की मग तो विसरत नसे. आणि त्या जाळीतून काळा कडा एकाच ठिकाणाहून समोर येई. उंबरठ्यावरून. तिथे सुना बसत नसत. बसू नये असा नियमही कुणी केलेला नव्हता, इतकं ते उघड होतं.

ती सकाळी गेली, हजेरीच्या वेळेला, आणि खाली थांबायच्या ऐवजी वर जाऊन बसली.

दादबांनी एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. “इथे कशी, सूनबाई?”

कड्याला हाक ऐकवायची आहे, असं ती म्हणाली. इतकं हळू, की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

दादबांनी दुसऱ्या डोळ्यानेही तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं की या नव्या हाकेचे किती सूर त्यांना लक्षात ठेवावे लागतील. एकही नाही, गुंजी म्हणाली. त्यांनी पुन्हा विचार केला. कुणी काय विचारलं आणि उत्तर कुणाचं, तेही नाही? तेही नाही.

“मग मी इथे बसून करू काय?” दादबा म्हणाले. ते रागावून बोलले नव्हते. खरोखरच त्यांना ते सुचत नव्हतं. दोघं समोरच्या काळ्या कड्याकडे बघत राहिले. खाली एक जाऊ हजेरीचा सूर लांबवत होती.

“सरक जरा इकडे,” दादबा मग म्हणाले आणि स्वतः दोन बोटं बाजूला झाले. “तिथे फांदी पोकळ आहे.”

गुंजीने हाक काढली. पहिल्या खेपेला ती सातव्या सुराशी फाटली. दुसऱ्या खेपेला आठही सूर गेले. कडा लगेच काही बोलला नाही, कडे बोलत नाहीत. पण जाळीतून मात्र सगळे वर आले. मामंजी म्हणाले, नांदायचं तर घराच्या हाकेत नांदावं. वन्सं म्हणाल्या, दादबांच्या शेजारी आता सुनांची वेगळी सभा भरवा. पळसू म्हणाला की तिने असं करायला नको होतं, अर्थात तिचंही बरोबर आहे. आत्याबाई आल्या आणि तशाच परत गेल्या. त्या संध्याकाळी ओळीत गुंजीची जागा सहाव्यावरून एकोणिसावी झाली, जिथे वारा लागतो.

दोन दिवसांनी पांगारा संपला. कोतवाल खाली उतरताना करवंदीवरून गेला. तिच्या आईचं काही आलं होतं का, गुंजीने विचारलं. शेवटच्या सकाळी तिकडून एक हाक आली होती खरी, तो म्हणाला, आवाज बसलेला होता. त्याने गुंजीचे आठ सूर तिला म्हणून दाखवले. तिने ते घेतले का, नीट ऐकू तरी गेले का, हे त्याला सांगता येत नव्हतं. वारा उलटा होता. मग तो गेला, आणि खिंड रिकामी झाली.

त्यानंतर काहीच आलं नाही. गुंजी रोज हजेरी देई, पाचोळा उलटी, संध्याकाळी एकोणिसाव्या जागेवर बसे. पहिले काही दिवस वन्सं विचारत की वहिनींची हाक कुठवर आली, कुठल्या कड्यावर टेकली आहे का. पुढे त्यांनाही कंटाळा आला. घर तिला क्षमा करू लागलं. चूक फळाला आली नाही की घरं क्षमा करतात. ओळीत तिची जागा पंधरावी झाली, मग अकरावी.

बाराव्या की तेराव्या दिवशी, ऊन करवंदीच्या आत उतरलं असताना, सगळे खाली पाचोळ्यात होते. दादबा तेवढे उंबरठ्यावर. काळ्या कड्याकडून आवाज आला.

पहिले चार सूर त्यांच्याच डोंगराचे होते, म्हणून गुंजीखेरीज अठरा माना एकदम वर झाल्या. पुढचे चार कुणाच्याच ओळखीचे नव्हते. आवाज म्हातारा होता, घोगरा, आणि त्यात कोतवालाचा सफाईदारपणा नावाला नव्हता. तिसऱ्या निवडलेल्या सुराशी तो अडखळला, पण पार झाला. ती हाक उंबरठ्यावर थांबली नाही. दादबांच्या डोक्यावरून, मामंजींच्या डोक्यावरून, थोरल्या जावांच्या मधून ती पानं चुकवत खाली उतरली.

दादबा गडबडले. सवयीने त्यांनी डोकं धुंडाळलं आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली, हे कुणी विचारलं होतं. मामंजी म्हणाले, मी नाही. वन्सं म्हणाल्या, छे. पळसूने गुंजीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तो दोन्ही बाजूंनी काही बोलला नाही. आत्याबाईंच्या चोचीत एक वाळलेलं पान तसंच राहिलं होतं. त्या ते खाली ठेवत नव्हत्या आणि उलटतही नव्हत्या.

हाक पुन्हा आली. तेच आठ सूर.

“कुणी विचारलं होतं?” दादबांनी सगळ्यांना मिळून विचारलं.

गुंजीने पाचोळ्यातून डोकं वर काढलं. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

“कुणीच नाही विचारलं, दादबा. तिला आठवण आली असेल, म्हणून मारली.”